मेंढीच्या अंडपेशी: व्हिटॅमिन घातलेला मिडिया एकदा पावतो, एकदा दगा देतो

मेंढीच्या अंडपेशी शरीराबाहेर, पोषक द्रवात (मिडियात) पिकवताना येणाऱ्या एका अडचणीबद्दल हे आहे. लक्षण असं. टीसीएम-१९९ या तयार मिडियात नेहमीचं सगळं घातलंय: सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव), आणि एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल ही संप्रेरकं. त्यात व्हिटॅमिन सी किंवा ई घातलं. पहिल्या खेपेला क्युम्युलस (अंडपेशीभोवतालच्या पेशींचं वेष्टन) असा फुलला की पिंजलेला कापूस, पोलर बॉडीही (अंडपेशी पक्व झाल्याची खूण असलेली बारीक पेशी) कंट्रोलपेक्षा, म्हणजे व्हिटॅमिन न घातलेल्या गटापेक्षा, जास्त दिसल्या. दुसऱ्या खेपेला तोच डोस, तीच बाटली, आणि बऱ्याचशा अंडपेशी मेटाफेज-१ वर, म्हणजे पक्व होण्याच्या अर्ध्या वाटेवर, अडकून बसलेल्या. तिसऱ्या खेपेला कंट्रोल आणि व्हिटॅमिन यांत काडीचा फरक नाही. मग आपण डोस निम्मा करतो, दुप्पट करतो, पुन्हा मूळ डोसवर येतो आणि सहा महिने असेच जातात.

माझे गेले होते. म्हणून आधीच सांगतो: डोसला हात लावू नका. ही तक्रार घेऊन आलेल्या बहुतेकांच्या बाबतीत घोळ डोसमध्ये नव्हता. वहीत लिहिलेलं व्हिटॅमिन अंडपेशीपर्यंत त्या रूपात, तेवढं पोचतच नव्हतं. कधी वाटेत मोडत होतं, कधी तेलात जात होतं, कधी फिल्टरवर राहत होतं. आणि कधी ते मिडियात आधीपासूनच होतं.

बोलायला सोपं जावं म्हणून आमची मांडणी सांगून टाकतो. ओव्हऱ्या कत्तलखान्यातून कोमट सलाइनमध्ये, थर्मासमधून, दोन-तीन तासांत येतात. २ ते ६ मिलिमीटरच्या फॉलिकलमधून (ओव्हरीवरच्या, अंडपेशी असलेल्या द्रवाच्या पिशवीतून) अंडपेशी सुईने ओढून घेतो. क्युम्युलसचे निदान तीन थर आणि एकसारखा पेशीद्रव असलेल्याच निवडतो. ५०-१०० मायक्रोलिटरच्या थेंबात दहा-पंधरा, वर मिनरल ऑइल, ३८.५ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २४ तास. तुमचं थोडं इकडेतिकडे असेल, बिघडत नाही.

आधी खात्री करा की दोष व्हिटॅमिनचाच आहे

कंट्रोलमध्ये किती टक्के अंडपेशी पक्व झाल्या, त्याचे गेल्या आठ-दहा खेपांचे आकडे एका ओळीत लिहा. तेच जर ५५ ते ८५ असे हेलकावे खात असतील तर व्हिटॅमिनवर आळ घेण्यात अर्थ नाही. वीस अंडपेशींपैकी चौदा पक्व झाल्या की आपण ऐटीत ७० टक्के लिहितो. पण वीसच्या नमुन्यावरून खरा दर ४८ पासून ८५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे चौदा आणि सतरा यांतला फरक हा फरकच नाही. शिवाय एका थेंबातल्या पंधरा अंडपेशी म्हणजे पंधरा प्रयोग नव्हेत, त्यांचं नशीब एकत्र बांधलेलं असतं. खेप मोजायची ती ओव्हऱ्या आणल्याच्या दिवसाची.

ओव्हऱ्यांचंही बघून घ्या. आपल्याकडे मटण म्हणून शेळी आणि मेंढी शेजारीशेजारी कापली जातात, आणि पिशवीत पडल्यावर दोघींच्या ओव्हऱ्या ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळे जनावर समोर असतानाच वेगळ्या पिशवीत घ्यायला सांगा. खाटकाला कारण नीट सांगितलं तर तो ऐकतो, हा माझा अनुभव. माजावर न आलेल्या कोवळ्या मादीच्या ओव्हऱ्यांवर कधी कधी फॉलिकल भरपूर दिसतात आणि आपण खूश होतो, पण त्या अंडपेशी पुढे टिकायला कमजोर असतात. आणि मे महिन्यात, रान करपलेलं असताना आलेल्या हाडकुळ्या मेंढ्यांच्या ओव्हऱ्यांची श्रावणातल्या ओव्हऱ्यांशी तुलना करू नका. हिरवा चारा नाही म्हणजे कॅरोटीन नाही, त्या जनावराची व्हिटॅमिन ए ची शिल्लकच वेगळी.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर पुढे चला.

व्हिटॅमिन सी: सोमवार बरा, गुरुवार वाईट

आमच्याकडे ओव्हऱ्या सोमवारी आणि गुरुवारी यायच्या. सोमवारचं मॅच्युरेशन (अंडपेशी पक्व होणं) छान, गुरुवारी बोंब. कारणं हाताशी होतीच. गुरुवारी दुसरा खाटीक, रस्त्यात गर्दी, थर्मासचं झाकण सैल. आम्ही नवा थर्मास घेतला, पहिले पाढे पंचावन्न. ओव्हऱ्या आणणाऱ्या मुलाला मी दोनदा बोललो, तेही उगाच. आता आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

एका गुरुवारी फ्रीजच्या दारातली स्टॉकची (व्हिटॅमिनच्या तीव्र द्रावणाची) नळी सहज पांढऱ्या कागदासमोर धरली. सोमवारी ती पाण्यासारखी स्वच्छ होती. आता गाळलेल्या लिंबू सरबतासारखी फिकट पिवळी. स्टॉक सोमवारी सकाळी व्हायचा आणि आठवडाभर पुरवायचा, कारण वजनकाट्यासाठी दुसऱ्या मजल्यावर जावं लागे. पुढच्या आठवड्यात अदलाबदल केली. सोमवारी मुद्दाम मागच्या गुरुवारचा उरलेला स्टॉक वापरला, गुरुवारी ताजा केला. सोमवार पडला, गुरुवार चढला. दगा वाराबरोबर गेला नाही, नळीबरोबर गेला.

साधं एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड उदासीन पीएचच्या पाण्यात फार टिकत नाही. लोहाचा, तांब्याचा नुसता वास पुरतो. ते ऑक्सिडाइज होतं आणि त्या भानगडीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ज्याला अंडपेशीच्या राखणीला ठेवलं तेच घाव घालतं, कुंपणच शेत खातं. टीसीएम-१९९ मध्ये फेरिक नायट्रेट असतंच, त्यामुळे इनक्युबेटरच्या उबेत काही तासांतच बरंचसं सी संपलेलं असतं. चोवीस तासांच्या कल्चरमध्ये अंडपेशीला ते पहिल्या प्रहरापुरतंच भेटतं.

यात आमची आणखी एक शहाणपणाची चूक होती. आम्ही स्टॉक पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या उदासीन बफरमध्ये) करून सोडिअम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणायचो, कारण कुणीतरी सांगितलं होतं की अ‍ॅसिडने मिडियाचा पीएच पडेल. हिशेब करून बघा. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे साधारण ०.२८ मिलिमोलर. टीसीएम-१९९ मध्ये बायकार्बोनेट २६ मिलिमोलर. समुद्रात लिंबू पिळल्यासारखं आहे. मिडिया पिवळसर दिसत असेल तर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर बघा, व्हिटॅमिनला दोष देऊ नका. अ‍ॅसिड म्हणून होता तसा ठेवला असता तर तो स्टॉक जास्त टिकला असता. उदासीन करून आम्हीच त्याच्या मुळावर उठलो. उलटी बाजूही लक्षात ठेवा. मिडिया टेबलावर उघडा राहिला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो, रंग गुलाबी होतो, आणि त्या गुलाबी मिडियात सी आणखी वेगाने मोडतं.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. यूव्ही वाचणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि क्वार्ट्झची क्युव्हेट पुरे. उदासीन बफरमध्ये अ‍ॅस्कॉर्बेट २६५ नॅनोमीटरला जोरात शोषतं. १० मिलिग्रॅम प्रति मिली स्टॉक हजारपट पातळ केला तर रीडिंग ०.८ च्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर मधल्या फरकाइतकं व्हिटॅमिन गेलं, त्या दिवशीचा प्रयोग सुरूच करू नका. बफरमध्ये थोडं ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घाला, नाहीतर वाचतावाचता आकडा उतरेल. आणि याचाच एक जोडधंदा: ईडीटीए न घालता, आपल्या लॅबच्या पाण्याने केलेल्या बफरमध्ये तेच पातळीकरण पंधरा मिनिटं ठेवा. रीडिंग डोळ्यांदेखत घसरत असेल तर पाण्यात धातू आहेत. पाण्याच्या प्लँटचं कार्ट्रिज बदलायला झालंय हे मला एकदा असंच कळलं, प्लँटचा दिवा हिरवाच होता.

पेरॉक्साइडचा संशय असेल तर एका थेंबात व्हिटॅमिनबरोबर कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला. कॅटालेजने बिघाड गेला तर गुन्हेगार सापडला.

इलाज दोन. पहिला फुकटचा: पावडर छोट्या नळ्यांत आधीच तोलून, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी थंड, चांगल्या पाण्यात विरघळवा. मिडिया आधी इनक्युबेटरमध्ये स्थिर होऊ द्या, सी सगळ्यात शेवटी घाला. आदल्या रात्री व्हिटॅमिनसकट थेंब मांडून ठेवायची सवय असेल तर अंडपेशी येईपर्यंत त्या थेंबांत नाव उरतं, व्हिटॅमिन नाही. दुसरा इलाज म्हणजे फॉस्फेट लावलेलं स्थिर रूप, अ‍ॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेटचं मॅग्नेशियम मीठ. ते मिडियात तसंच टिकतं आणि फॉस्फटेज एन्झाइम फॉस्फेट कापेल तसतसं हळूहळू सी सुटतं. मी आता हेच वापरतो. फक्त वजनाचा घोळ करू नका. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं रेणुभार १७६, सोडिअम अ‍ॅस्कॉर्बेटचं १९८, फॉस्फेट मिठाचं त्याहून बरंच जास्त आणि त्यातल्या पाण्याप्रमाणे बाटलीगणिक वेगळं. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली अ‍ॅसिड म्हणजे २८४ मायक्रोमोलर, तेवढंच सोडिअम मीठ म्हणजे २५२. वही मायक्रोमोलरमध्ये ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

एक राहिलं. मिडियात सिस्टिअमीन आधीच असेल, आपल्यापैकी बरेच जण १०० मायक्रोमोलर घालतात, तर ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) त्यानेच वाढलेलं असतं. वरून घातलेल्या सी ला दाखवायला काही काम उरत नाही. ‘काहीच फरक नाही’ या तिसऱ्या खेपेचं उत्तर कधी कधी एवढंच असतं. इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन ५ टक्के ठेवला असेल तर आणखीच. अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं असंही नाही. थांबलेलं मायोसिस (अंडपेशी पक्व होतानाचं विभाजन) पुन्हा हलायला थोड्या ऑक्सिडंटांची चाहूल लागते. ती पार पुसून टाकली तर अंडपेशी जागच्या जागी राहतात.

व्हिटॅमिन ई: नमनालाच घडाभर तेल

ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. अल्फा-टोकोफेरॉल तेलात विरघळणारं. आपण ते मिडियाच्या ५० मायक्रोलिटरच्या थेंबात घालतो आणि वर काही मिली मिनरल ऑइल ओततो. त्या बिचाऱ्याने जावं कुठे? सीरममधल्या प्रथिनांना चिकटून जेवढं थेंबात राहील तेवढं राहतं, बाकीचं वर तेलात. थेंब जितका लहान, तेल जितकं जास्त, तितकी गळती मोठी. म्हणूनच एका लॅबमध्ये चालणारा डोस दुसऱ्या लॅबमध्ये चालत नाही. डोस तोच असतो, डिश वेगळी असते.

वर आणखी गंमत म्हणजे काही मिनरल ऑइलमध्ये टिकाऊपणासाठी टोकोफेरॉल घातलेलंच असतं. म्हणजे तुमचा कंट्रोल कंट्रोल नाहीच. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. नसेल तर त्या लॉटचा कागद मागवा. तेलाची बाटली बदलली त्या महिन्यापासून ई चा परिणाम गायब झाला असेल तर मी पहिल्यांदा इथेच बघेन.

सोपी चाचणी: चार खान्यांच्या डिशमध्ये प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर मिडिया, तेल अजिबात नाही. इनक्युबेटरचा पाण्याचा ट्रे भरलेला हवा, आणि दर तासाला दार उघडून बघायचा मोह आवरा. शेजारी नेहमीचे तेलाखालचे थेंब. तेलाविना ई चा परिणाम दिसला आणि तेलाखाली दिसला नाही, तर उत्तर मिळालं.

ई घालण्याची पद्धतही गळते. शुद्ध टोकोफेरॉल हे मधासारखं चिकट तेल, पिपेटच्या टोकाला निम्मं राहतं. त्यामुळे ते मोजायचं नाही, तोलायचं. काचेच्या कुपीत ४३ मिलिग्रॅम घ्या, इथेनॉलने १ मिली करा, झाला १०० मिलिमोलर स्टॉक. दर मिली मिडियाला १ मायक्रोलिटर म्हणजे १०० मायक्रोमोलर आणि इथेनॉल ०.१ टक्के. त्यावर जाऊ नका. आणि कंट्रोलमध्येही तेवढंच इथेनॉल हवं, नाहीतर तुम्ही व्हिटॅमिन तपासताय की दारू हे कळायचं नाही. इथेनॉलमधला ई थेट पाण्यासारख्या मिडियात सोडला तर सूक्ष्म तवंग धरतो. आधी सीरममध्ये सोडून हलक्या हाताने मिसळा, मग ते सीरम मिडियात. सगळ्यात मोठी चूक मात्र त्यानंतर होते: सगळा मिडिया तयार झाल्यावर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा. पाण्यात न विरघळणारं जे काही होतं त्यातलं बरंच त्या पडद्यावर राहतं. मिडिया आधी गाळा, ई नंतर घाला.

बाटलीवर नुसतं ‘व्हिटॅमिन ई’ वाचून मागवलं असेल तर पुन्हा वाचा. टोकोफेरिल अ‍ॅसिटेट टिकायला उत्तम, पण पेशीतल्या एस्टरेजने अ‍ॅसिटेट कापल्याशिवाय ते अँटिऑक्सिडंट नव्हेच. सक्सिनेटचा स्वभाव आणखी निराळा, पेशींना मरणाकडे ढकलण्यासाठी त्याचा अभ्यास होतो. तिघांना एकाच नावाने वहीत लिहिलं की दोन पिढ्यांचे निकाल जुळत नाहीत. हा सगळा तेलाचा व्याप टाळायचा असेल तर ट्रोलॉक्स घ्या, पाण्याशी जुळवून घेणारा ई चा भाऊबंद. पण मग निष्कर्षात ट्रोलॉक्स लिहा, ई नको.

व्हिटॅमिन ए

यावर फार लिहीत नाही, कारण ई ला लागू असलेलं सगळं रेटिनॉल आणि रेटिनॉइक अ‍ॅसिडला लागू आहे: तेल, फिल्टर, प्लास्टिक, सॉल्व्हंट. जास्तीचा शत्रू एकच, उजेड. लॅमिनार हूडच्या ट्यूबलाइटखाली पंधरा मिनिटं उघडं ठेवलं की रेणूची ठेवण बदलते. हूडचा दिवा बंद, खोलीत पिवळा बल्ब, नळीला फॉइल. फॉइल लावलेल्या नळीचं झाकण पारदर्शक असतं, तिकडूनही उजेड शिरतो. टोपी घालावी तशी वरून वेगळी फॉइल घाला. आणि रेटिनॉइक अ‍ॅसिड जनुकं हलवणारा संदेशवाहक आहे. तिथे डोसची एक शून्य चुकली तर ती चूक फुकट जात नाही.

बी गटाचं मिश्रण: १०० एक्स बाटलीचा हिशेब

टीसीएम-१९९ हा मिडिया १९५० साली टोरांटोत मॉर्गन, मॉर्टन आणि पार्कर यांनी मांडला, आणि त्यात व्हिटॅमिनांची यादीच्या यादी पहिल्यापासून आहे. ए आहे, सी आहे, ई आहे, डी आहे, के आहे, बी गटातली बहुतेक आहेत, फक्त अत्यल्प. सी दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. फोलिक अ‍ॅसिड ०.०१ मिलिग्रॅम. तेव्हा ‘व्हिटॅमिनविरहित कंट्रोल’ असं प्रबंधात लिहू नका, परीक्षकाने यादी उघडली की पंचाईत होते.

त्यात आपण एमईएम व्हिटॅमिनची (बी गटाच्या तयार मिश्रणाची) १०० एक्स, म्हणजे शंभरपट तीव्र, बाटली १ टक्का घालतो. त्या बाटलीत फोलिक अ‍ॅसिड दर लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे थेंबात पोचतं १ मिलिग्रॅम प्रति लिटर, टीसीएम-१९९ च्या शंभरपट. रायबोफ्लेविन दहापट होतं. यातलं रायबोफ्लेविन लक्षात ठेवा, दगा तेच देतं.

रायबोफ्लेविन उजेडात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि सोबत हेपेस बफर (मिडियाचा पीएच सांभाळणारं रसायन) असेल तर ते काम जोमाने होतं. आता आपल्या कामाचा क्रम डोळ्यांपुढे आणा. अंडपेशी शोधताना आणि धुताना मिडिया हेपेसचा. मायक्रोस्कोपचा दिवा खालून, हूडचा वरून. बाटली सकाळपासून टेबलावर उघड्यावर. त्यातच कुणीतरी ‘धुण्याच्या मिडियातही व्हिटॅमिन असू दे’ म्हणून ते मिश्रण घातलेलं. अंडपेशी कल्चरमध्ये जायच्या आधीच मार खातात, आणि ठपका कल्चर मिडियावर येतो. व्हिटॅमिनचं मिश्रण फक्त कल्चरच्या मिडियात घाला, धुण्याच्या नाही. हेपेसचा मिडिया छोट्या बाटल्यांत, फॉइलमध्ये ठेवा आणि मायक्रोस्कोपचा दिवा लागेल तेवढाच.

दुसरी गोष्ट फोलिक अ‍ॅसिडची. सुटं वापरत असाल तर साध्या पाण्यात ते नीट विरघळत नाही; तळाशी पिवळा गाळ राहतो आणि आपण वरचं पाणी घेतो. बायकार्बोनेटच्या किंवा अगदी सौम्य सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ते लगेच विरघळतं. १०० एक्स बाटली गोठवून ठेवलेली असेल तर वितळल्यावरही तळ बघा, गाळ पूर्ण विरघळल्याशिवाय घेऊ नका. एकदाच वितळवून छोट्या नळ्यांत भरून ठेवा.

तिसरी ऑस्मोलॅरिटी, म्हणजे मिडियात विरघळलेल्या पदार्थांची दाटी. १ टक्क्याने काही होत नाही. पण पाण्यात केलेला १० एक्स स्टॉक १०० मायक्रोलिटर घेऊन ९०० मायक्रोलिटर मिडियात घातला तर २८० मिलिऑस्मोलचा मिडिया २५० च्या घरात येतो. मग डोस वाढवला तसतसं मॅच्युरेशन पडलं असा सुंदर आलेख निघतो, आणि तो व्हिटॅमिनचा नसून पाण्याचा असतो. प्रत्येक गटात घातलेल्या द्रवाचं एकूण माप सारखं ठेवा.

बी गटाचा परिणाम पोलर बॉडीत शोधणं मला तरी पटत नाही. फोलेट, बी-१२ आणि मेथिओनिन मिळून डीएनएवर मिथाइलच्या खुणा उमटवायचं काम चालवतात. नॉटिंगहॅमच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की गर्भधारणेच्या सुमाराला मेंढ्यांच्या आहारात हे तिन्ही कमी ठेवलं तर पिल्लं जन्मतात नीट, पण मोठेपणी वजनदार होतात, इन्सुलिनला कमी दाद देतात, नरांत रक्तदाब चढतो. चोवीस तासांच्या थेंबाला हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण जे परिणाम वर्षांनी दिसतात ते उद्या सकाळी पोलर बॉडीत दिसावेत ही अपेक्षा चुकीची, एवढं नक्की.

एका दिवसात करायची चाचणी

साठ-सत्तर चांगल्या अंडपेशी मिळतील असा दिवस धरा. पाच गट. पहिला, नुसता मिडिया. दुसरा, मिडिया अधिक सॉल्व्हंट. तिसरा, आज सकाळी केलेलं व्हिटॅमिन. चौथा, चार दिवस फ्रीजमधलं तेच व्हिटॅमिन. पाचवा, चौथ्यासारखाच, अधिक कॅटालेज. कुठली डिश कुठल्या गटाची हे मोजणाऱ्याला सांगू नका. चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात.

दुसराच पडला तर सॉल्व्हंट. तिसरा चांगला आणि चौथा पडला तर जुना स्टॉक. पाचव्याने चौथ्याचं नुकसान भरून काढलं तर पेरॉक्साइड. तिसरा आणि चौथा दोन्ही पहिल्यासारखेच असतील तर व्हिटॅमिन पोचत नाही किंवा त्याची गरज नाही. तेल काढून पुन्हा करा. तिसराच पडला तर, आणि फक्त तेव्हाच, डोस कमी करून बघा. हे सगळं निदान तीन वेगवेगळ्या दिवशी.

मोजताना क्युम्युलस फुलण्यावर विसंबू नका. क्युम्युलस छान फुललेला आणि आत केंद्रक अडकलेलं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की फुलण्याची श्रेणी आता वहीच्या कोपऱ्यात लिहितो. हायलुरोनिडेज या एन्झाइमने क्युम्युलस सोलून पोलर बॉडी बघा. शंका असेल तर होक्स्टचा (डीएनए चमकवणारा) रंग देऊन मेटाफेज-२ ची, म्हणजे पक्व अवस्थेची, पट्टी मोजा. आणि शक्य असेल तर काही अंडपेशी फलनाला लावून सातव्या-आठव्या दिवशीचे ब्लास्टोसिस्ट (सुरुवातीच्या अवस्थेतले गर्भ) मोजा. चांगल्या मिडियात कंट्रोलच इतका पुढे असतो की मेटाफेज-२ मध्ये व्हिटॅमिनला वाढायला जागा उरत नाही. फरक पडलाच तर तो ब्लास्टोसिस्टच्या संख्येत पडतो.

सीरमचा लॉट बदलला असेल तर वरचं सगळं एकदा पुन्हा करावं लागेल, त्याला इलाज नाही. सीरममध्ये स्वतःची ए, ई असतात आणि लॉटगणिक वेगळी असतात. वर्षभराचं सीरम एकाच लॉटचं घेऊन ठेवणं खर्चिक वाटतं, पण खरेदी विभागाला पटवून द्या.

एवढं करूनही अडलात तर विचारा, पण विचारताना ‘व्हिटॅमिन सी ५०’ एवढंच लिहू नका. बाटलीवरचं रसायनाचं पूर्ण नाव, स्टॉक कशात केला, कधी केला, थेंब किती मायक्रोलिटरचा, वर तेल किती, सिस्टिअमीन आहे का, सीरमचा लॉट कोणता आणि ऑक्सिजन किती टक्के, हे सगळं लिहा. आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरून तिचा रंग सांगा.